हाताचा वास

आमच्या आणि गजभिये काकांच्या घराची भिंत एकच. नागपूरच्या नंदनवन वस्तीत अशी जोडघरं बरीच आहेत. एकाच्या घरी कुकरची शिट्टी झाली की दुसऱ्याच्या घरी गॅस बारीक करायला हात जातो. त्या भिंतीतून रोज सकाळी एक आवाज यायचा. घूंऽऽऽ. मध्येच क्षणभर अडखळायचा, परत घूंऽऽऽ. मग काकांचा आवाज, "शाब्बास. आता तिकडची बाजू." तो आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायची. आता ते घर बंद आहे. काका गेले आणि त्यांच्या मुलानं, मंगेशनं, काकूंना पुण्याला नेलं. तरी सकाळी माझे कान भिंतीकडे जातातच, चहा उशिरा होतो आणि मग सदर भागातल्या शाळेत शिकवायला पोचताना धावपळ.

तो आवाज दात घासायच्या मशीनचा होता. हसू येईल कुणाला. हसा. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायला बसले आणि ब्रशपासून सुरुवात करते आहे. पण काकांची आठवण दुसऱ्या कुठल्या दारानं येतच नाही, त्याला मी काय करू?

काका वीजघरात फिटर होते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते नोकरीत होते, पुढे रिटायर झाले. उंच, रुंद खांद्यांचे, आणि आवाज असा की नाक्यावरच्या माणसाला फोन करायची गरज नाही. उजव्या गालात कायम फुगवटा. खर्रा. नागपूरच्या माणसाला खर्रा काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोट घोट घोटायचा, त्याची पुडी बांधून खिशात ठेवायची आणि दिवसभर चिमूट चिमूट गालात दाबायची. काका ठेल्यावरचा घेत नसत. अंगणात बसून, मांडी घालून, स्वतःच्या तळहातानं घोटायचे. समोरून कोणीही गेलं की पुडी पुढे. नाही म्हटलं तर त्यांना खरंच वाईट वाटायचं.

आणि थुंकायचे माझ्या जास्वंदीवर. अंगणातल्या बुटक्या भिंतीला लागून होती ना ती! मी एकदा भांडायला गेले.

"काका, लाज वाटत नाही?"

"काय वं मास्तरीण, काहून ओरडून राहिली सकाळी सकाळी? लाल फुलावर लाल रंग. कोनाले दिसते?"

मी बोलणं टाकलं. पण एप्रिल महिन्यात नागपुरात फिटरशी बोलणं टाकून कुणाचं भागत नाही. आमचा कूलर खडखडायला लागला आणि काका न बोलावता आले. पाना नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. पत्र्यावर नुसता तळहात ठेवला, डोळे मिटले.

"बेअरिंग गेलं. अन् पंपाचा स्क्रू कोनं आवळला इतका?"

"मी. सैल वाटला."

"हलका हात ठेवत जा वं. मशीनले तिचं काम करू द्यायचं. आपन निस्तं धरायचं."

हा 'हलका हात' त्यांचा परवलीचा शब्द. ऑटोवाल्यानं गिअर ओढला की "हलका हात, बावा". संक्रांतीला पोट्टे मांजा ताणू लागले की "हलका हात बे". मी पोळी लाटताना दिसले तरी भिंतीवरून तेच. ऐकून ऐकून माझा नवरा मला भाजीत मीठ टाकताना सांगायचा, हलका हात. घरोघरचे कूलर मार्चमध्ये त्यांच्या हाताखालून जायचे आणि बदल्यात ते फक्त चहा घ्यायचे, तोही गालातला फुगवटा न हलवता. ते कसं जमायचं देव जाणे.

सुमनकाकू म्हणजे या सगळ्याचं उलटं टोक. ठेंगण्या, नीटनेटक्या, बोलणं कमी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि वंदनेला त्यांचा आवाज लागला की बाकीच्या बायका त्यामागून म्हणायच्या. खर्र्यावरून त्या कधी भांडल्याचं मी ऐकलं नाही, आणि आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. त्या फक्त तोंड फिरवायच्या. काका जवळ आले की मान दुसरीकडे. काकांनी हात धुतल्याशिवाय त्यांच्या हातून पाण्याचा पेलाही घ्यायच्या नाहीत.

"हिचं नाक म्हंजे सरकारी खातं," काका म्हणायचे. "तिथून सही झाल्याबिगर काही पास नाई होत."

काकूही हसायच्या, पण पेला घ्यायच्या हात धुतल्यावरच. मंगेशच्या लग्नाचा एक फोटो त्यांच्या बैठकीत होता. काका सफारी घालून ऐटीत उभे आणि शेजारी काकू भलतीकडेच बघताहेत. मी एकदा विचारलं, काकू, कुणाकडे बघत होत्या? त्या म्हणाल्या, "कोनाकडे नाई वं. त्यांच्या हातात पुडी होती. वास नाई सहन होत मले. इतकी वर्षं झाली, नाईच झाली सवय." तक्रार नव्हती आवाजात. चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

मग एका सकाळी कपडे वाळत घालता घालता काकू अंगणात कोसळल्या. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे शब्द उरले होते दोनच, हो म्हणायला 'हाव' आणि 'नाई', तेही उलटसुलट पडायचे. भात हवा असला की 'नाई' म्हणायच्या आणि मग स्वतःवरच चिडून डोळ्यांत पाणी. जिच्या मागून अख्खा विहार म्हणायचा, तिची ही गत. मला बघवायचं नाही. मी काहीतरी निमित्त काढून उठून यायची.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ताप भरला, छाती भरली, परत दवाखाना. मी काकांसोबत होते. डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये आले आणि सरळ बोलले. पॅरालिसिसमुळे गिळणं नीट होत नाही, लाळ आणि घास चुकून श्वासनळीत उतरतो, आणि त्यासोबत तोंडातले जंतू फुप्फुसात जातात. "औषधानं या वेळी निभावलं. पुन्हा छाती भरली तर यांना झेपेल असं मला वाटत नाही. तोंड स्वच्छ ठेवा. दात, आणि मुख्य म्हणजे हिरड्या."

परत येताना काकांनी ऑटोवाल्याला नावही विचारलं नाही. एरवी ते ऑटोवाल्याच्या गावापर्यंत पोचलेले असत. घराच्या वळणावर एकदम म्हणाले, "दात न घासल्यानं मानूस मरते का वं, मास्तरीण?"

आंघोळ, कपडे, चादरी यासाठी रेखाबाई यायच्या. तोंडाचं काम काकांनी अंगावर घेतलं. आणि जे घासलं, बाप्पा! वीजघरातला गंज काढावा तसं. हलका हात कुठे गेला होता कोण जाणे. भीतीनं हात जड झाला असेल. ब्रशभर पेस्ट, तिचा फेस घशात, काकूंना ठसका, आणि हिरड्यांतून रक्त. रक्त बघून काकांचं अवसान गळालं. त्यांनी ब्रश ठेवून दिला आणि आपल्याकडे करतात तेच केलं. हिरडीतून रक्त आलं की आधी ब्रश बंद. हिरडीला आराम द्यायचा. तुरटीचं पाणी, आणि बोटावर काळं मंजन घेऊन अलगद फिरवायचं. माझ्या सासऱ्यांनी हेच केलं होतं आणि साठीच्या आत त्यांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. पण काकूंनी ते बोटही आत जाऊ दिलं नाही. ओठ घट्ट, मान भिंतीकडे.

ताप परत आला. या वेळी नशिबानं छातीपर्यंत पोचला नाही. पण काकांचं तोंड उतरलं ते मी पाहिलं, आणि कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉ. प्राची. मेडिकल दुकानाच्या वर तिचा छोटा दवाखाना आहे. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी. दुपारच्या उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळून आली, पलंगावर काकूंजवळ बसली, आधी त्यांचा हात हातात घेतला आणि मग टॉर्च काढली. काकूंनी तिला तोंड उघडून दिलं. डॉक्टरनं हिरडीच्या कडेनं कापसाचा बोळा फिरवला आणि काकांपुढे धरला. त्यावर पिवळट, चिकट काहीतरी.

"काका, हे जंतू. दात आणि हिरडीच्या सांध्यात थर करून बसतात. त्यांच्यामुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीला नुसतं लागलं तरी रक्त येतं. ब्रशचा दोष नाही. तुम्ही रक्त बघून घासणं थांबवलं, म्हणजे जंतूंना आयतं मोकळं रान."

"मंग रक्त येऊन राहिलं तरी घासू?"

"घासायचं. पण जोरानं नाही. हलक्या हातानं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग तिनं चार्जिंगचा ब्रश सुचवला. लहान गोल डोकं, आपलं आपण थरथरतं. दुसऱ्याच्या तोंडात घासणं सोपं जातं, हातानं घासायचं नसतं, ब्रश नुसता हिरडीच्या कडेवर तिरपा टेकवून हळूहळू पुढे न्यायचा. काकूंना ताठ बसवून, मान जराशी पुढे, पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी, फेस फडक्यानं टिपत राहायचं.

"मंग पेस्टनं मरते का जंतू?" काकांनी विचारलं.

"पेस्ट त्यांना आटोक्यात ठेवायला मदत करते. पण थर मोडायचं काम ब्रशचं. नुसती पेस्ट चोळून थर जात नाही. आणि सगळे जंतू कधीच संपत नाहीत, काका. कमी होतात. ते परत जमतात, आपण परत कमी करायचे. रोज."

"म्हंजे मेंटेनन्स," काका म्हणाले.

"हो. मेंटेनन्सच."

तिथून पुढे काकांना हा विषय समजला. मशीन त्यांना समजायची, मेंटेनन्स समजायचा.

मंगेशनं पुण्याहून ब्रश पाठवला. खोकं उघडायला आम्ही सगळे जमलो, जणू घरी फ्रिज आला आहे. काकांनी तो आधी कानाशी धरला, मग तळहातावर. "बेअरिंग चांगलं आहे." पेस्ट लावली आणि तोंडात घालायच्या आधीच बटन दाबलं. झालं! काकांचा चष्मा, रेखाबाईंचा पदर, माझं नाक, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळीकडे पेस्ट. आणि मग पलंगावरून एक विचित्र आवाज आला. काकू हसत होत्या. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होत्या. पॅरालिसिसनंतर पहिल्यांदा.

एवढं होऊनही काकांनी ब्रश जवळ नेला की तोंड बंद. रेखाबाईंनी "आ करा, आई" म्हटलं की उघडायचं. डॉक्टरनं म्हटलं की उघडायचं. काका आले की मान भिंतीकडे. "माह्यासाठीच काहून नाई?" ते मला विचारायचे, रेखाबाईंना विचारायचे. काकूंना विचारायचे तर उत्तर कुठून येणार? तेवढ्यात रेखाबाई पुतणीच्या लग्नाला गावी गेल्या आणि घरात काका एकटे. ब्रश चार्जिंगला लावलेला, पेस्ट शेजारी, आणि काकूंच्या दातांवर दिवसागणिक थर चढतोय. डॉक्टरांचं ते वाक्य आम्हा दोघांच्याही डोक्यातून जात नव्हतं. पुन्हा छाती भरली तर झेपणार नाही.

एका सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते. भिंतीपलीकडे काका उभे होते आणि स्वतःच्या बोटांचा वास घेत होते. मला बघून हात भिंतीवरून पुढे केला.

"मास्तरीण, वास घेऊन पाह्य."

"काहीतरीच काय, काका!"

"मजाक नाई करून राहिलो मी. आताच साबनानं धुतला. पाह्य."

मी घेतला वास. वर साबण होता. खाली खर्रा. इतक्या वर्षांचा चुना, तंबाखू त्या बोटांच्या रेषांत मुरला होता. खोटं बोलायची वेळ नव्हती.

"येतो, काका."

ते आत गेले. चिंचेनं, लिंबानं, राखेनं हात घासले, तांब्याची घागर घासावी तसे. परत आले. परत मी वास घेतला, परत तेच सांगितलं. ते पायरीवर बसले.

"तिले बोलता येत असतं तं बोलली असती," ते म्हणाले. "आयुष्यभर तिनं मान फिरवली अन् मी हसून राहिलो. आता माह्यं बोट तिच्या तोंडात. काहून उघडन ते? कोन उघडन?"

मला रडू आलं. खरं सांगते, त्यांच्यावर इतकी वर्षं केलेला राग त्या क्षणी कुठे गेला ते कळलं नाही.

त्यांनी खर्रा सोडला. सोडला म्हणायला एक शब्द लागतो, पण ते दिवस वाईट होते. दूधवाल्याशी भांडण, पेपरवाल्याशी भांडण. कुणाचा कूलर दुरुस्त करता करता पाना फेकून निघून आले. बडीशेप, लवंग, पेपरमिंट, काहीही चघळायचे. ठेल्यापर्यंत जायचे, उभे राहायचे, परत यायचे. एका दुपारी भिंतीतून रडण्याचा आवाज आला, मोठ्या माणसाचा. मी रेडिओचा आवाज वाढवला, म्हणजे आपलं रडणं पलीकडे गेलं असं त्यांना वाटू नये. त्या दिवसांत काकूंचे दात मी घासायची. मला त्या तोंड उघडून द्यायच्या. पहिल्या दिवशी मात्र मी भाजी चिरून तशीच गेले, माझ्या हाताला लसणाचा वास होता. तोंड बंद! काका दारातून म्हणाले, "जा वं, धुऊन ये. खात्याची सही पाह्यजे."

मग ती सकाळ आली. मी वाटीत खीर घेऊन गेले होते. काका स्टुलावर बसले होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काकूंना उशांना टेकवून ताठ बसवलेलं. त्यांनी ब्रशला हात लावला नाही. आधी आपला उजवा तळहात काकूंच्या नाकापुढे धरला.

"घे वास, सुमन. पाह्य तूच."

काकूंनी वास घेतला. बाजारात खरबूज हुंगून पाहतात तसा, घाई न करता. मग वर काकांकडे बघितलं. आणि तोंड उघडलं.

काकांचे हात धुतलेले होते म्हणून त्यांनी डोळे खांद्याला पुसले. ब्रश आत टेकवला, बटन दाबलं. घूंऽऽऽ. वरच्या हिरडीच्या कडेनं, एकेका दातावर थांबत, मग आतल्या बाजूनं. हात इतका हलका की मनगट हलताना दिसत नव्हतं. फेस टिपला. ब्रश बाजू बदलायची खूण म्हणून क्षणभर अडखळला, तसे काका म्हणाले, "शाब्बास. आता तिकडची बाजू." मी खीर तशीच ओट्यावर ठेवून आले.

त्या दिवसापासून हा नेम झाला. सकाळी, आणि जेवणं झाल्यावर परत. आधी हात नाकापुढे, मग "आ कर वं सुमन". काकांच्या हाताला आता साबणाशिवाय कसलाच वास नसे, तरी विचारल्याशिवाय ते ब्रश उचलत नसत. हळूहळू रक्त यायचं थांबलं. डॉ. प्राचीनं टॉर्चनं बघितलं आणि काकांना जवळ बोलावून दाखवलं. लाल, सुजलेल्या कडा जाऊन हिरड्या गुलाबी, घट्ट झाल्या होत्या. तो पावसाळा गेला, हिवाळा गेला, काकूंना ताप आला नाही. डाव्या हातानं त्या चमचा धरू लागल्या.

आणि काकांच्या अंगात प्रचारक शिरला! हिरड्या, जंतू, थर, मेंटेनन्स. भाजीवाली सुटली नाही. विहारातल्या बायका सुटल्या नाहीत. खर्र्याच्या ठेल्यावर जाऊन उभे राहायचे आणि गिऱ्हाइकांना उपदेश. ठेलेवाला पप्पू हात जोडायचा, "काका, माह्या धंद्यावर काहून उठले? तुमाले आयुष्यभर सुपारी देली मी." मी दूध घ्यायला तिथूनच जायची, त्यामुळे एकदा सगळं माझ्यासमोर घडलं. काका कॉलेजच्या पोरांना सांगत होते, "तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवा. नाई गेली तं समजा खर्र्यानं तोंड आवळून राहिलं. डॉक्टरीन बाईनं सांगितलं." पोरांनी घातली. त्यातला एक हसत म्हणाला, "काका, आता तुमी दाखवा ना."

काका हसले. "अबे, मी काय कॉलेजात आहो का?" म्हणाले, आणि माझी दुधाची पिशवी हातात घेऊन घराकडे चालू लागले.

मी वाटेत त्यांच्याकडे बघत राहिले. मग एकेक आठवायला लागलं. मटणाचा तिखट रस्सा त्यांनी कधीच बंद केला होता, पोट बिघडतं म्हणून. भाकरी दुधात भिजवून. हसताना तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं. दारात पोचल्यावर मी म्हटलं, "काका, तुमचं तोंड उघडून दाखवा."

"आता तू बी डॉक्टर झाली का?"

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "एक जाते," ते म्हणाले. "तेही आडवं."

डॉ. प्राचीनं त्याच संध्याकाळी बघितलं. जिथे इतकी वर्षं फुगवटा असायचा त्या गालात आत पांढरा, कडक चट्टा होता आणि मध्ये न भरणारी जखम. तिनं चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. खर्रा सोडला होता, पण उशिरा.

काकांनी ते माझ्या कूलरचं सांगितलं होतं तसंच सांगितलं. "बेअरिंग गेलं, मास्तरीण." त्यांना एकच काळजी होती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी तेच विचारलं म्हणे, मी नसलो तर सुमनचा ब्रश कोण करेल? डॉक्टरनं उलट त्यांनाच बजावलं. आधी स्वतःचं तोंड स्वच्छ करा, हिरड्यांत जंतू ठेवून ऑपरेशन केलं तर जखम चिघळेल. बायकोच्या हिरड्यांना एवढं जपणाऱ्या या माणसानं स्वतःच्या तोंडात काय चाललंय ते बघितलं नव्हतं. मंगेशनं त्याच ब्रशला लावायला दुसरं डोकं आणलं. काकूंच्या ब्रशच्या डोक्याला पिवळी रिंग, काकांच्याला निळी. काकांच्या तोंडात साधा ब्रश शिरतच नव्हता. हे लहान गोल डोकं कसंबसं जायचं.

रेखाबाईंना आणि मला त्यांनी परत एकदा सगळं शिकवलं. आमच्या हातावर हात ठेवून. कुठे टेकवायचा, किती तिरपा, कुठे काकूंना दुखतं, कुठे त्यांना गुदगुल्या होतात. "दाबू नका. ते करून राहिलं ना त्याचं काम, करू द्या."

पुढचं मी लांबवत नाही. ऑपरेशन झालं, जखम भरते आहे असं मंगेशनं कळवलंही होतं, पण काकांचं हृदय थकलं आणि ते दवाखान्यातून घरी आले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात भरती व्हायला निघाले त्या सकाळी.

ऑटो दारात उभा होता. मंगेशनं बॅग आत ठेवली होती. काका म्हणाले, थांब, सुमनचं करून घेतो. त्यांनी हात धुतले, नाकापुढे धरले, काकूंनी वास घेतला, तोंड उघडलं. त्या दिवशी ते सावकाश करत होते. ब्रशनं थांबायची खूण दिली तरी त्यांनी परत बटन दाबून आणखी एक फेरी केली. फेस टिपला, ओठ पुसले. मग पिवळ्या रिंगचं डोकं काढून निळ्या रिंगचं लावलं. त्यांचं स्वतःचं राहिलं होतं.

पेस्ट लावायला गेले आणि नेम चुकला. पेस्ट जमिनीवर पडली. परत लावली, परत पडली. कूलरच्या पत्र्यावर हात ठेवून बेअरिंग ओळखणारा हात तो. मी पुढे होणार, इतक्यात शालीखालून काकूंचा डावा हात बाहेर आला आणि त्यांनी ब्रश धरला.

"काय करून राहिली वं?" काका म्हणाले.

काकूंनी ब्रश मांडीवर ठेवला. पेस्टची नळी काकांकडे सरकवली. त्यांनी दाबली, या वेळी पेस्ट बसली. मग काकूंनी आपला डावा तळहात उचलला. जरा डगमगत, पण वर आणला आणि काकांच्या नाकापुढे धरला.

काका थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि वास घेतला. बराच वेळ घेतला.

"आ," काकू म्हणाल्या. पुढचा शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. रेखाबाई आतल्या दारात, मंगेश उंबऱ्यात. "आ… करा."

काकांनी तोंड उघडलं, उघडत होतं तेवढं. ब्रश आत गेला. डाव्या हातात ताकद नव्हती, पण घासायचं काम ब्रशच करत होता, काकूंनी तो नुसता धरला होता. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी दारात जाऊन त्याला हातानंच थांब म्हटलं.